बिस्किटांच्या डब्यातली गाणी

३ मार्च

ती. काका,
नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमचं बोलणं "हो हो" आणि "छान छान" यापुढे सरकतच नाही. जानेवारीत बाबांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यातून तुम्हाला फोन केला होता. सगळं सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "छान छान, जपून राहा." मला फार लागलं होतं ते, खोटं कशाला बोलू? मग मनाची समजूत घातली की तुम्हालाही काय बोलावं ते सुचलं नसेल.

आता बाबा घरी येऊन पाच आठवडे झाले. चालतात. उजवा हात अजून नीट उचलला जात नाही आणि बोलणं जवळजवळ गेलंय. उरलेत ते दोनच शब्द, "चौथा मजला". पाणी हवं का? चौथा मजला. कुठे दुखतंय का? चौथा मजला. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या डोक्यात दुसरं काय उरणार, असं सगळे म्हणतात. पण हल्ली ते नुसतं म्हणत नाहीत, निघतातच. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईंचा डोळा चुकवून लिफ्टमध्ये शिरतात, चारचं बटण दाबतात आणि तिथल्या दातांच्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहतात. त्या भल्या माणसाने दोनदा त्यांना खुर्चीत बसवून दात तपासले. दात उत्तम आहेत म्हणे.

मेंदूच्या डॉक्टरांच्या मते गोंधळ वाढत चाललाय आणि त्यांना घरी ठेवणं धोक्याचं आहे. त्यांनीच एक शुश्रूषागृह सुचवलंय. खोली रिकामी आहे, अर्ज ३१ मार्चपर्यंत द्यायचाय. मी सही सोडून सगळा भरून ठेवलाय. सही करायला मन धजत नाही.

एक चांगली गोष्ट केली होती, तीही अंगाशी आली. बाबांची गाण्यांची हार्ड डिस्क तुम्हाला माहीतच आहे. ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ती टकटक आवाज करायला लागली. मी घाईने नवी आणली आणि अकरा हजार गाणी तिच्यात उतरवून घेतली. उतरवताना जुन्या डिस्कवरचा पसारा बघून माझ्यातली ग्रंथपाल जागी झाली. गाण्यांची नावं म्हणजे नुसते आकडे, १, २, ३, आणि फोल्डरांची नावं काहीच्या बाही. मग गाणी ओळखून नावं लावणारा प्रोग्रॅम आणला, गायकांप्रमाणे अकारविल्हे लावलं आणि नऊशेच्या वर बारीकसारीक मजकुराच्या फाइली होत्या, त्या कचरा समजून उघडूनही न बघता काढून टाकल्या. जुनी डिस्क पार बंद पडली तेव्हा तिचीही विल्हेवाट लावली. आता कुठलंही गाणं दहा सेकंदांत सापडतं. बाबांना वाढदिवसाची भेट म्हणून दाखवलं. त्यांनी पडद्यावर वरखाली बघितलं, माउस सोडला आणि रडायला लागले. स्वतःची गाणीसुद्धा ओळखू येईनात, काका.

बाबा दर वर्षी नवी गाणी भरून तुमच्याकडे ठेवायला देतात ती दुसरी डिस्क पाठवून द्याल का? तिच्यावरचा पसाराही पुसून हे नीटनेटकं भरून देते. यंदा त्यांच्याकडून ते काम होणार नाही.

तुमची,
मोजपट्टी


८ मार्च

चि. मोजपट्टी,
अनेक आशीर्वाद.

सही करू नकोस. आधी हे वाच, पुन्हा एकदा वाच, आणि मग उरलेलं पत्र वाच.

लहानपणी रंगीत खडू उंचीप्रमाणे लावून ठेवायचीस, म्हणून तुला मोजपट्टी म्हणायला लागलो. तेव्हा सगळे हसलो. आता हसू येत नाही. अगं शहाणे, तो पसारा नव्हता. दादा गाणी गायकांच्या नावाने ठेवत नाही, त्याला गायकांची नावं येतातच कुठे? तो गाणी मजल्यांनी ठेवतो.

तू लहान होतीस, तुला दिसलं नसेल. लिफ्टच्या पेटीच्या डोक्यावर बसून तो खालपासून वरपर्यंत जायचा. प्रत्येक मजल्यावर दाराआडून काही ना काही वाजत असायचं. काम झालं की तो दार वाजवायचा, हातातलं ग्रीस पुसायचा आणि विचारायचा, "मघाशी वाजत होतं ते काय होतं?" कुणी कॅसेट द्यायचं, कुणी नुसतं गुणगुणून दाखवायचं. मग तो वर्षानुवर्षं ते गाणं हुडकायचा. सापडलं की इमारत, मजला आणि माणूस असं फोल्डर करायचा. मी आत्ता डिस्क लावून बघतोय. "जुन्या बँकेची इमारत, तिसरा मजला, भांडणारे जुळे भाऊ." "डोळ्यांचं हॉस्पिटल, सहावा मजला, रात्रपाळीच्या नर्सबाई." "विमा कचेरी, मधेच, अडकलेले वकील."

त्याला गोंधळ झालेला नाही. तो तुला पत्ता सांगतोय. त्याला चौथ्या मजल्यावरचं एक गाणं ऐकायचंय. तोंडाने पुढचं येत नाही म्हणून बिचारा बटण दाबून दाखवतोय, आणि तुम्ही लोक त्याचे दात तपासताय!

आता पंचाईत अशी की चौथे मजले एक्केचाळीस आहेत. मी सगळे हाताने उतरवून सोबत जोडलेत. एकेक वाचून दाखव आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहा. मला एका नावाची शंका आहे, पण उत्तर त्याच्याकडूनच येऊ दे.

डिस्क मात्र पाठवत नाही. टपालात आपटते, पावती हरवते, शंभर भानगडी. दादा लिफ्टबद्दल म्हणायचा की तिला एकाच दोरावर कधी टांगत नाहीत. आता हा एकच दोर उरलाय. त्या दिवशी फोनची लाइन खराब होती, ते मनावर घेऊ नकोस.

तुझा,
काका


१४ मार्च

ती. काका,
नमस्कार.

तुमच्या पत्राने मला जमिनीवर आणलं. वाचनालयात कुणी पुस्तकं रंगाप्रमाणे लावली तर मी त्याला फाडून खाईन, आणि घरात बाबांचं अख्खं आयुष्य मी अकारविल्हे लावून बसले.

यादी वाचली. रविवारी सकाळी, त्यांच्या समोर स्टूल घेऊन. पहिल्या सहा नावांना ते नुसते ऐकत राहिले, पण ऐकत होते, काका, कान देऊन. "डोळ्यांचं हॉस्पिटल, चौथा मजला" आलं तेव्हा हसले. आणि सत्ताविसावं नाव वाचलं, "बटणांच्या कारखान्याची इमारत, चौथा मजला, कॉलर शिवणाऱ्या बाई", तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडीचा वळ उठला. "चौथा मजला," म्हणाले. मी म्हटलं, "हो बाबा, हाच." त्यांनी डोळे मिटून घेतले.

तर पत्ता सापडला आणि घर नाही. त्या फोल्डरमध्ये तुम्ही यादीत लिहिल्याप्रमाणे एकच गाणं आहे, आणि त्याचं नाव "१". माझ्याकडे अकरा हजार गाणी गायकांच्या नावाने आहेत. त्यातलं हे कुठलं? अंदाजाने लावून बघितली. चौथ्या चुकीच्या गाण्याला त्यांनी माउस भिरकावला. त्यांचं काही चुकलं नाही.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे, पण "मनगट धरलं" एवढ्यावर डॉक्टर मत बदलणार नाहीत. २८ तारखेला त्या डॉक्टरांसाठी पुन्हा तपासणी करणार आहेत. तोवर काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

तेव्हा काका, डिस्क पाठवायची नसेल तर निदान ते गाणं लावा, ऐका, आणि पहिली ओळ लिहून कळवा. पाच मिनिटांचं काम आहे. कानात यंत्र घालून तुम्ही ऐकता ना? तुम्ही टाळाटाळ का करताय ते मला कळत नाही. राग येतोय आणि तुमच्यावर रागावायची सवय नाही, म्हणून इथेच थांबते.

मोजपट्टी


१८ मार्च

चि. मोजपट्टी,
आशीर्वाद.

सोबत बिस्किटांचा डबा आहे. त्यात जुन्या स्वेटरची बाही आहे, बाहीत मोजा आहे आणि मोज्यात डिस्क आहे. उघडण्याआधी हे वाच.

मी ती ओळ कळवू शकत नाही, कारण मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, अजिबात येत नाही. छापखान्यात मशीनशेजारी छत्तीस वर्षं उभा राहिलो, तेव्हा हळूहळू जात होतं. नऊ वर्षांपूर्वी उरलंसुरलंही गेलं. कानातलं यंत्र मी लोकांनी मोठ्याने बोलू नये म्हणून घालतो. समारंभात सगळे हसले की हसतो. फोन थरथरला की उचलतो आणि समोरचं बोलून झालं असेल अशा अंदाजाने "हो हो, छान छान" म्हणतो. आजवर निभावलं. जानेवारीत काय निभावलं ते तुझ्या पत्रातून कळलं. माझा भाऊ हॉस्पिटलमध्ये होता आणि मी तुला छान म्हणालो. दीड महिना मला पत्ताच नव्हता. पोरी, मला माफ कर.

हे फक्त दादाला माहीत होतं. ज्या वर्षी कान गेले त्या वर्षी त्याला लिहिलं की आता तुझी डिस्क इथे ठेवून काय उपयोग, घेऊन जा. त्याने उत्तर दिलं नाही. नेहमीप्रमाणे डिस्क मागवली, नवी गाणी भरली आणि परत पाठवली. लावून बघतो तर काही फोल्डरांत गाण्यांच्या शेजारी एक नवी फाइल होती. उघडली. पहिले शब्द होते, "धाकट्या, ऐक."

त्याने मला गाणी लिहून पाठवायला सुरुवात केली होती. दर वर्षी शंभर-सव्वाशे फोल्डरांची. आवाज कसा आहे, कुठे चढतो, कुठे बसतो, दाराआड कोण होतं. वकिलांची फाइल मला पाठ आहे. "धाकट्या, ऐक. वकील दोन मजल्यांच्या मधे अडकले. आधी मला नोटिशीची धमकी दिली, मग घाबरले, मग गायला लागले. आवाज अगदी साधा, पण ओळ संपताना असा खाली येतो की वाटतं कुणीतरी वजनदार पिशवी अलगद जमिनीवर ठेवली. मी मुद्दाम पाच मिनिटं उशीर केला." सांग बघू, याहून जास्त ऐकू कुणाला येतं?

तू कचरा समजून काढल्यास त्या ह्याच फाइली. तुला दोष देत नाही, तुला काय ठाऊक? पण म्हणूनच डिस्क हातातून सुटत नव्हती. माझं संगीत तेवढंच आहे, आणि ते पुसायला तू फडकं घेऊन तयार होतीस. आज पाठवतोय, कारण ते ज्याने दिलं त्याला त्यातलं एक गाणं हवंय. एवढं तरी मी त्याचं देणं लागतो.

यातलं काहीही झाडू नकोस.

तुझा,
काका


२९ मार्च

ती. काका,
साष्टांग नमस्कार. हा नुसता लिहिण्यापुरता नाही.

डबा बावीसला आला. सगळ्यात आधी डिस्कच्या दोन प्रती केल्या, एक घरी आणि एक वाचनालयातल्या माझ्या कुलपाच्या कपाटात. आता दोर तीन आहेत. मग हात धुतले, का ते माहीत नाही, आणि बटणांच्या कारखान्याचं फोल्डर उघडलं. तुम्हाला ते तोंडपाठ असणार, तरी लिहिते, कारण मला लिहायचंय.

"धाकट्या, ऐक. चौथ्या मजल्यावर एक बाई शर्टांच्या कॉलरी शिवतात. दार उघडं, रेडिओ चालू. गाणं संथ आहे. गाणारी प्रत्येक ओळीच्या शेवटी जरा थांबते, आणि त्या थांबण्यात ह्या बाईंचं मशीन दोन टाके घालतं. प्रत्येक वेळी दोनच. लिफ्ट दुपारीच दुरुस्त झाली होती. मी संध्याकाळपर्यंत ती बिघडलेलीच ठेवली. पुढे ह्याच बाई तुझ्या वहिनी झाल्या. गाणं मिळायला मला तेवीस वर्षं लागली. लिफ्टचं तिला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस."

आई जाऊन सहा वर्षं झाली. ती लग्नाआधी शिवणकाम करायची हे मला माहीत होतं. पण त्यांचं कसं जमलं असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघायची आणि आई म्हणायची, "लिफ्ट बंद होती म्हणून." मला ती चेष्टा वाटायची. काका, तिला ठाऊक होतं!

गाणं मी लगेच लावलं नाही. व्यायामाच्या बाईंना विचारून तपासणीच्या दिवसापर्यंत थांबले. ते सहा दिवस फार कठीण गेले. बाबांना फक्त सांगितलं की सापडलंय. त्यानंतर ते एकदाही लिफ्टकडे गेले नाहीत. दातांचे डॉक्टर चौकशीला खाली आले, त्यांना चुकल्यासारखं वाटत होतं.

काल लावलं. डॉक्टर स्वतः आले होते, खिडकीशी उभे होते. बाबा पहिल्या सुरालाच ताठ बसले. ओळ संपली, गाणारी थांबली, आणि बाबांनी डाव्या हाताच्या बोटाने टेबलावर दोनदा टकटक केलं. पुढची ओळ, पुन्हा दोनदा. अख्खं गाणं, एकही चुकलं नाही. मी ती फाइल कागदावर छापून व्यायामाच्या बाईंच्या हातात आधीच दिली होती. त्यांनी ती डॉक्टरांपुढे धरली. गाणं संपलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून एक शब्द उच्चारला. "कॉलर." अडीच महिन्यांतला पहिला नवा शब्द. बाईंनी वहीत लिहिलं, "शब्द योग्य, संदर्भ योग्य," आणि नाक पुसलं.

डॉक्टर म्हणाले की बोलण्याचा रस्ता तुटलाय, माणूस जागेवर आहे. घरी राहू देत, व्यायाम वाढवा, दुपारी घरातलं कुणीतरी सोबत असू द्या. मी वाचनालयात सकाळची अर्धी पाळी मागून घेतलीय. अर्जाच्या कोऱ्या मागच्या बाजूवर मी इमारतींची यादी करायला घेतलीय, मजल्यांप्रमाणे. अकारविल्हे नाही.

तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही. तुम्ही तुमचं सगळं संगीत एका मोज्यात घालून माझ्यासारखीच्या हाती दिलंत. बाबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. "छान छान" आलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका.

डिस्क परत पाठवतेय, त्याच बाहीत, त्याच मोज्यात. काहीही झाडलेलं नाही. एक फोल्डर मात्र वाढलंय. त्यात दोन फाइली आहेत. एक मी लिहिलीय. दुसरी बाबांनी, डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, अख्खी दुपार बसून. मला बघू दिलं नाही आणि मी उघडूनही पाहिली नाही. या खेपेला ते योग्य होतं असं वाटतं.

तुमची,
मोजपट्टी


७ एप्रिल

चि. मोजपट्टी,
आशीर्वाद.

डबा सुखरूप आला. टपालवाल्याने तो माझ्या हातात देताना काहीतरी म्हटलं, मी सवयीने "छान छान" म्हणालो. मग थांबलो, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि त्याला सांगितलं, "मला ऐकू येत नाही. लिहून देता का?" त्याने पाकिटाच्या मागे लिहिलं, "डबा हलका आहे, बिस्किटं संपली वाटतं." नऊ वर्षांत मी कुणाला समोरासमोर, तोंडाने, ऐकू येत नाही म्हणून सांगितलेलं हे पहिलंच. तुझ्या बापाने गाणी लिहून दिली, आता टपालवाला विनोद लिहून देतोय. एवढं मला कुणी द्यावं असं मी केलं तरी काय?

नवं फोल्डर लगेच सापडलं. "आमचं घर, दुसरा मजला, बाबा." तुझी फाइल आधी वाचली. "काका, ऐका. बाबा दुपारी तेच गाणं लावून बसतात आणि बोटाने दोन टाके घालतात. आज तिसऱ्या ओळीला त्यांच्याबरोबर मीही घातले. आवाज लाकडी आहे, दार वाजवल्यासारखा, पण आत यायची घाई नसलेल्या माणसाने." छान लिहितेस. दादाची मुलगी आहेस. पुढल्या वर्षी शंभर फाइलींची अपेक्षा धरतोय. मला ऐकू येत नाही म्हणून मेहनतीत सूट देऊ नकोस.

मग दादाची उघडली. अख्खी दुपार बसला होता म्हणतेस. त्यात एकच ओळ आहे, एकही अक्षर चुकलेलं नाही.

"धाकट्या, ऐक."

पुढे काही नाही. मी खुर्ची पुढे ओढली आणि बराच वेळ त्या दोन शब्दांसमोर बसून राहिलो.

त्याला सांग, ऐकलं.

तुझा,
काका